एका ठेक्यात वल्हे

मुलांनो, पावसाची मोठी सर येऊन गेली की गल्लीतून पाणी वाहू लागते आणि तुम्ही वहीचा कागद फाडून होड्या करता. एकाने होडी सोडली, दुसऱ्याने सोडली, की जवळ उभा असलेला तिसरा लगेच विचारतो, "कोणाची पुढे जाईल?" बस, शर्यत सुरू झाली! होडी आणि शर्यत यांचे नाते इतके जुने आणि इतके साधे आहे. जिथे पाणी आहे तिथे होडी आहे, आणि जिथे दोन होड्या आहेत तिथे बहुधा शर्यतही आहे.

आपल्या भागात मात्र पाण्याचे दर्शन दुर्मीळ. शहरातून वाहणारी खाम नदी वर्षातील बराच काळ क्षीण असते. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्यावर पैठणजवळ जायकवाडीचे धरण १९७६ साली पूर्ण झाले. त्याच्या नाथसागर जलाशयात सुमारे १०२ टीएमसी पाणी मावते आणि आपल्या घरातील नळाला तेथूनच पाणी येते. पण पाण्यावर होड्यांची शर्यत म्हटले की आपल्याला ते दूरच्या देशातले चित्र वाटते. प्रत्यक्षात ही शर्यत आपल्याच महाराष्ट्रात, कृष्णेच्या पात्रात दर पावसाळ्यात रंगते. ती कशी होते, लोक ती का जपतात आणि तिच्यापासून आपण काय शिकावे, हे या पाठात पाहू.

सुरुवातीला थोडी शब्दांची ओळख करून घेऊ. तुम्ही घरी उर्दू बोलता, म्हणून हे शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. उर्दूतील 'कश्ती' म्हणजे मराठीतील 'होडी'. 'नाव' हा शब्द तर दोन्ही भाषांत आहे. मात्र मराठीत 'नाव' म्हणजे होडीही आणि 'नाम'ही, म्हणून वाक्य पाहून अर्थ लावावा लागतो. उर्दूतील 'मल्लाह' तो मराठीतील 'नावाडी'. 'चप्पू' म्हणजे 'वल्हे' आणि होडीला दिशा देणारी 'पतवार' म्हणजे 'सुकाणू'. हा 'सुकाणू' शब्द अरबी 'सुक्कान' पासून आला आहे. कोकणात होडीच्या मालकाला 'नाखवा' म्हणतात. तो तुमचा फारसी 'नाखुदा' होय. 'खलाशी', 'बंदर' आणि 'दर्या' हे शब्दही याच वाटेने मराठीत आले. समुद्रातील प्रसिद्ध किल्ला 'जंजिरा' याचे नाव अरबी 'जझीरा' म्हणजे 'बेट' यावरून पडले. एवढेच काय, 'शर्यत' हा शब्दसुद्धा अरबी 'शर्त' याच्या नात्यातला आहे. माणसांप्रमाणे शब्दही होडीत बसून एका काठावरून दुसऱ्या काठावर जातात, ते असे.

आता आपण सांगलीला जाऊ. सांगली शहर कृष्णा नदीच्या काठी वसले आहे. शहरालगत हरिपूर येथे वारणा नदी कृष्णेला येऊन मिळते. शहर आणि पलीकडची सांगलीवाडी यांना जोडणारा आयर्विन पूल १९२९ साली बांधून झाला. कृष्णेच्या आणि वारणेच्या काठी गावेच गावे आहेत. सांगलीवाडी, कसबे डिग्रज, समडोळी, कवठेपिरान अशा गावांत होडी वल्हवणारी तरबेज मंडळी आहेत. त्यांचे संघ आहेत आणि संघांना ते 'बोट क्लब' म्हणतात. नाव इंग्रजी असले तरी खेळ अस्सल गावचा आहे.

शर्यती पावसाळ्यात, बहुधा ऑगस्ट महिन्याच्या सुमारास होतात, कारण तेव्हा नदीला भरपूर पाणी असते. शर्यतीच्या होड्या लांब आणि अरुंद असतात. वल्हेकरी दोन्ही बाजूंना ओळीने बसतात. घाटावर, काठावर आणि पुलावर माणसांची दाटी होते. इशारा झाला की सर्व वल्ही एकदम पाण्यात पडतात. मग काठावरून आपापल्या गावाच्या नावाने आरोळ्या सुरू होतात. जो संघ जिंकतो, त्याच्या गावाला ते यश स्वतःचे वाटते. ज्याने कधी हातात वल्हे धरले नाही असा म्हातारा आणि ज्याला अजून पोहता येत नाही असा लहान मुलगा, दोघेही "आपण जिंकलो" असेच म्हणतात. या 'आपण' शब्दात या शर्यतीचे सारे मर्म आहे.

ही परंपरा नदीकाठीच का रुजली? त्याचे कारण समजण्यासाठी पूल नव्हते त्या काळाची कल्पना करा. नदीच्या एका काठावर घर आणि दुसऱ्या काठावर शेत, अशी अनेकांची स्थिती होती. बाजार पलीकडे, शाळा पलीकडे, मुलीचे सासर पलीकडे. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता येई. पण पावसाळ्यात नावेशिवाय उपाय नसे. नावेने लोकांना पार नेण्याच्या ठिकाणाला 'तर' म्हणत. तरीवरच्या नावाड्याला अनेक गावांत रोज पैसे देत नसत. सुगी झाली की शेतकरी त्याला वर्षाचे धान्य देत. त्याच्या नावेत पाटीलही बसे आणि मजूरही बसे. नवरा-नवरीची वरात त्यातून जाई आणि आजारी माणूसही त्यातूनच वैद्याकडे जाई. म्हणजे होडी ही गावाची गरज होती, करमणूक नव्हती. चांगली होडी आणि चांगला नावाडी असणे ही गावाच्या जिवाची काळजी होती. ज्या कामावर सगळ्यांचा जीव अवलंबून असतो, त्या कामात कोण तरबेज आहे हे पाहण्याची इच्छा माणसाला होतेच. शेतकऱ्यांनी जशा बैलांच्या शर्यती लावल्या, तशाच नदीकाठच्या लोकांनी होड्यांच्या शर्यती लावल्या.

आता होडी पुढे कशी जाते ते पाहू. वल्हेकरी वल्ह्याच्या पात्याने पाणी मागे ढकलतो. पाणी तितक्याच जोराने वल्ह्याला पुढे ढकलते आणि त्यामुळे होडी पुढे सरकते. प्रत्येक क्रियेला तितकीच पण उलट दिशेची प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा नियम तुम्ही विज्ञानात शिकता. होडी हे त्या नियमाचे उत्तम उदाहरण आहे. होडी अरुंद ठेवतात, कारण रुंद होडीला पाण्याचा विरोध जास्त होतो. तळ गुळगुळीत ठेवतात, त्याचेही कारण हेच.

पण खरी मेख पुढे आहे. समजा, एका होडीत दहा वल्हेकरी आहेत. दहाही जण बलवान आहेत, पण प्रत्येक जण आपल्या मनाप्रमाणे वल्हे मारतो. तर काय होईल? वल्ही एकमेकांवर आदळतील, होडी डोलू लागेल, तिचे तोंड कधी उजवीकडे तर कधी डावीकडे वळेल आणि निम्मी ताकद पाण्यात जाईल. याउलट दहा साधारण ताकदीची माणसे एकाच क्षणी वल्हे पाण्यात घालतील आणि एकाच क्षणी बाहेर काढतील, तर होडी बाणासारखी जाईल. म्हणून शर्यतीत ठेक्याला फार महत्त्व असते. कोणी तोंडाने आवाज देतो, कोणी गाणे म्हणतो, आणि सर्वांचे हात त्या तालावर चालतात. सुकाणूवरचा माणूस वल्हे मारत नाही, पण पुढचा मार्ग आणि पाण्याची ओढ यांवर त्याची नजर असते. तो चुकला तर बाकीच्यांचे श्रम वाया जातात.

कवठेपिरान हे हिंदकेसरी मारुती माने यांचे गाव. तिथे कुस्तीची मोठी परंपरा आहे. कुस्ती आणि होडीची शर्यत या दोन खेळांची तुलना करून पाहा. कुस्तीच्या आखाड्यात मल्ल एकटा उतरतो. त्याचे बळ आणि त्याचे डाव त्याचे स्वतःचे असतात. होडीत मात्र एकट्याचा पराक्रम चालत नाही. उलट कोणी फाजील जोर दाखवायला गेला, तर त्याच्यामुळेच ठेका मोडतो. स्वतःची ताकद इतरांच्या ताकदीशी जुळवून घेणे, हा या खेळाचा पहिला धडा आहे. एका काठाचे कुस्तीवर प्रेम आणि होडीवरही प्रेम असावे, ही गोष्ट मोठी छान आहे. माणसाला दोन्ही गुण लागतात.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, कोकण किनाऱ्यावर, होडीशी जोडलेल्या रीतिभाती वेगळ्या आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून मासेमारी बंद ठेवतात. होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, त्यांची डागडुजी करतात, रंग देतात. श्रावणात नारळी पौर्णिमा येते. त्या दिवशी कोळी बांधव वाजतगाजत किनाऱ्यावर जातात, समुद्राला नारळ अर्पण करतात आणि मग नव्या हंगामाची तयारी सुरू होते. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दालदी हा मुस्लिम मासेमार समाजही पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर पोट भरतो. प्रार्थना करण्याची प्रत्येकाची रीत निराळी असेल, पण वादळ येते तेव्हा ते सर्वांना सारखेच घेरते. म्हणून समुद्रावर संकटातील होडीच्या मदतीला धावून जाणे हा दर्यावर्दी माणसाचा धर्मच समजला जातो. तिथे आधी माणसाला वाचवायचे, ओळख नंतर विचारायची.

होड्यांच्या शर्यतींसाठी भारतात सर्वांत प्रसिद्ध राज्य म्हणजे केरळ. तेथील शर्यतीच्या होड्या शंभर फुटांहून लांब असतात आणि एका होडीत शंभराच्या आसपास माणसे बसतात. होडीचा मागचा भाग नागाच्या फण्यासारखा उंच असतो, म्हणून इंग्रजीत तिला 'स्नेक बोट' म्हणतात. १९५२ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू अलप्पुळा येथे आले असता त्यांच्यासाठी अशी शर्यत झाली. ती पाहून नेहरूंना इतका आनंद झाला की ते स्वतः जिंकलेल्या होडीत जाऊन बसले. पुढे त्यांनी होडीच्या आकाराचा चांदीचा चषक पाठवला. आज त्यांच्याच नावाने तेथे दरवर्षी स्पर्धा होते. तेथेही होडी एका माणसाची नसते, ती गावाची असते. ती बांधायला आणि सांभाळायला सारे गाव हातभार लावते.

केरळमध्येच पंपा नदीच्या काठी आरन्मुळा नावाचे गाव आहे. तेथील मंदिराच्या उत्सवात होड्यांची मिरवणूक आणि शर्यत होते. तेथे एक गंमतीची प्रथा आहे. होडी वल्हवणाऱ्यांना केळीच्या पानावर मोठी मेजवानी देतात. जेवणाऱ्यांना एखादा पदार्थ हवा असेल, तर ते तो गाण्यातून मागतात आणि यजमान तो आणून वाढतो. नाही म्हणण्याची रीत नाही. ज्यांनी सर्वांसाठी वल्हे मारले, त्यांचा असा मान राखला जातो. आपल्याकडे दूरवरून आलेल्या पाहुण्याला आपण ज्या आग्रहाने वाढतो, तसाच हा आग्रह.

भारताबाहेर पाहिले तरी हेच दिसते. चीनमध्ये ड्रॅगनच्या तोंडाच्या होड्यांची शर्यत फार जुनी आहे. तिच्याविषयी एक दंतकथा सांगतात. छू युआन नावाचा एक कवी होता. देशाच्या दुःखाने व्याकूळ होऊन त्याने नदीत उडी घेतली. लोकांचे त्याच्यावर प्रेम होते. त्याला वाचवण्यासाठी गावकरी होड्या घेऊन वेगाने धावले, पण तो सापडला नाही. त्या धावण्याची आठवण म्हणून शर्यत सुरू झाली, असे म्हणतात. लंडन शहरात थेम्स नदीवर प्रवाशांना ने-आण करणारे नावाडी असत. त्यांच्यातील नव्या, नुकत्याच शिकून तयार झालेल्या तरुणांसाठी १७१५ साली एक शर्यत सुरू झाली. जिंकणाऱ्याला लाल कोट आणि चांदीचा बिल्ला मिळतो. तीनशे वर्षे होऊन गेली, ती शर्यत अजून चालू आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची प्रसिद्ध शर्यत त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८२९ साली आली. म्हणजे साहेब लोकांच्या आधी कष्टकरी नावाड्यांनी शर्यत सुरू केली होती.

महाराष्ट्रात पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून आहे. हे महाविद्यालय आज तंत्रज्ञान विद्यापीठ झाले आहे. येथील विद्यार्थी मुळा नदीवर 'रेगाटा' नावाचा नौकांचा उत्सव करतात. 'रेगाटा' हा शब्द इटलीतील व्हेनिस शहराकडून जगभर गेला. या उत्सवात शर्यतींबरोबर नौकांच्या सुंदर रचनाही पाहायला मिळतात. ऑलिंपिकमध्येही नौकानयनाच्या स्पर्धा असतात. त्यात दोन प्रकार लक्षात ठेवा. एका प्रकारात वल्ही होडीला जोडलेली असतात आणि खेळाडू पाठ पुढे करून बसतो. म्हणजे तो ज्या दिशेला जातो ती दिशा त्याला दिसत नाही! दुसऱ्या प्रकारात वल्हे मोकळे हातात असते आणि खेळाडूचे तोंड पुढे असते.

आता तुम्ही म्हणाल, "सर, हे सारे पाण्याजवळ राहणाऱ्यांचे खेळ. आम्हा दुष्काळी भागातल्या मुलांचा त्यात काय संबंध?" याचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे पाण्याची टंचाई सोसणारे गाव आहे. त्या गावचे दत्तू भोकनळ. वडील विहिरी खोदण्याचे काम करत आणि दत्तूही त्यांना मदत करत. पुढे ते सैन्यात भरती झाले. पुण्यात त्यांनी प्रथम शर्यतीची नौका हाती घेतली. पाण्याची त्यांना आधी भीती वाटे. पण सरावाने भीती गेली. २०१६ साली ते रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात भारतातर्फे उतरले आणि त्यांचा १३वा क्रमांक आला.

त्यांच्या आयुष्यातील पुढची गोष्ट आपल्या पाठाला जास्त उपयोगी आहे. २०१८ साली इंडोनेशियात आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. एकेरी शर्यतीच्या दिवशी दत्तू यांची प्रकृती बरी नव्हती. त्यांना पदक मिळाले नाही. दुसऱ्याच दिवशी चौघांची शर्यत होती. सवर्ण सिंग, ओम प्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू भोकनळ एका नौकेत बसले, आणि त्या नौकेने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. एकट्याला जे साधले नाही, ते एका ठेक्यात वल्हे मारणाऱ्या चौघांना साधले. कोरड्या गावात विहीर खोदणारे हात पाण्यावर सोने मिळवू शकतात, मग तुम्ही आपल्या जन्मगावाला का दोष द्यावा?

हा खेळ केवळ मुलांचा आहे असेही मानू नका. श्रीनगरच्या बिल्किस मीर यांनी दल सरोवरात वल्हे मारण्याचा सराव केला, देशाच्या वतीने स्पर्धांत भाग घेतला आणि पुढे मुलींना शिकवले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्या या खेळाच्या पंचमंडळात होत्या. केरळमध्येही महिलांच्या वेगळ्या शर्यती होतात.

मुलांनो, इथपर्यंत आपण आनंदाची बाजू पाहिली. आता दुसरी बाजू पाहू, कारण पाणी नेहमीच खेळाचे नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ नदीची पातळी फुटांत मोजतात; ४५ फूट ही तेथील धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली बुडाला. ज्या दिवसांत शर्यत रंगायची, त्याच दिवसांत रस्त्यांवरून होड्या चालवाव्या लागल्या. सैन्य आणि आपत्ती दलाचे जवान आलेच, पण ते पोहोचण्याआधी आणि पोहोचल्यानंतरही गावोगावच्या वल्हेकऱ्यांनी माणसे, म्हातारे, बाळंतिणी यांना बाहेर काढण्यास हात दिला. नदीचा प्रवाह कोठे ओढतो, भोवरा कोठे असतो, हे त्यांना माहीत होते. एक वर्ष आधी, २०१८ साली, केरळमध्ये असाच भयंकर पूर आला होता. तेव्हा समुद्रावरचे मच्छीमार आपल्या होड्या ट्रकवर चढवून पूरग्रस्त गावांत गेले आणि त्यांनी हजारो लोकांचे प्राण वाचवले. नेहरू चषकाची शर्यत त्या वर्षी पुढे ढकलून नोव्हेंबरमध्ये घ्यावी लागली. चीनच्या दंतकथेतील गावकरी कवीला वाचवू शकले नाहीत. केरळचे आणि सांगलीचे वल्हेकरी मात्र अनेकांना वाचवू शकले. शर्यत ही अशा दिवसाची तालीम असते.

पण याच महापुरात एक फार दुःखद घटनाही घडली. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून लोकांना घेऊन निघालेली एक बोट उलटली आणि १७ जण बुडून मरण पावले. बोटीत पेलण्यापेक्षा जास्त माणसे बसली होती. घाबरलेल्या माणसाला मागे थांब म्हणणे सोपे नसते. तरीही होडीचा नियम निष्ठूर आहे. ती किती वजन पेलणार हे तिची लांबी, रुंदी आणि खोली यांवर ठरते. आपल्या घाईवर ठरत नाही. शर्यतीत प्रत्येक जण आपल्या जागी बसतो, कोणी एकदम उठत नाही, कोणी एका बाजूला झुकत नाही आणि सुकाणूवरच्या माणसाचे सर्व जण ऐकतात. हेच नियम प्रवासातही पाळले पाहिजेत. होडीत बसण्यापूर्वी लाइफ जॅकेट मागावे. ती भरलेली असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. नदीकाठी उभे राहून फोटो काढण्यासाठी होडीत उठून उभे राहू नये.

आणि हे सारे आपल्यापासून दूर आहे असे समजू नका. आपल्याच जिल्ह्यात गंगापूर तालुक्यात भिव धानोरा नावाचे गाव आहे. जायकवाडीच्या फुगवट्याचे पाणी तेथील रस्ता अडवते. २०२३ साली वर्तमानपत्रांतून बातमी आली की तेथील मुले शाळेत जाण्यासाठी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ते पाणी पार करतात. दप्तर पाठीला आणि वल्हे हातात! ती बातमी वाचून उच्च न्यायालयाच्या आपल्या शहरातील खंडपीठाने स्वतःहून त्यात लक्ष घातले. त्या मुलांसाठी वल्हे मारणे हा खेळ नव्हता. शाळा गाठण्याचा तो एकच मार्ग होता. पंप सुरू केला की आपल्या नळाला जे पाणी येते, त्याच पाण्याच्या काठी ही मुले राहतात. हे लक्षात ठेवले म्हणजे पाण्याविषयी आणि त्या मुलांविषयी आपली जबाबदारी कळते. तराफ्याची जागा सुरक्षित होडीने घ्यावी आणि होडीची जागा पुलाने घ्यावी, असे मागणे हे शहाण्या नागरिकाचे काम आहे.

तेव्हा शर्यतीपासून काय घ्यायचे? पहिले, पोहायला शिका. पण जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, भरलेल्या विहिरीत किंवा धरणात एकट्याने नव्हे. दुसरे, एकत्र काम करताना आपला वेग इतरांशी जुळवून घ्या. वर्गातील हस्तलिखित असो, कबड्डीचा संघ असो किंवा मोहल्ल्यातील सफाई असो, जो सर्वांना बरोबर नेतो तोच पुढे जातो. तिसरे, मन एका ठिकाणी ठेवा. उर्दूत 'दो कश्तियों का सवार' असे म्हणतात. मराठीत त्यासाठी 'दोन डगरींवर हात ठेवणे' असा वाक्प्रचार आहे. डगर म्हणजे नदीचा उंच काठ. दोन्ही भाषांतील लोक नदीकाठी राहिले आणि दोघांना एकच अनुभव आला!

शेवटी आणखी एक शब्द. उर्दूत नावाड्याला पार नेण्याबद्दल जे पैसे देतात, त्यांना 'उतराई' म्हणतात. मराठीत 'उतराई होणे' म्हणजे कोणी केलेल्या उपकाराची फेड करणे. शेतकरी नावाड्याला सुगीला धान्य देई, आरन्मुळाचा यजमान वल्हेकऱ्याला पोटभर जेवू घाली आणि शर्यतीत तरबेज झालेला तरुण पुराच्या दिवशी गावासाठी होडी घेऊन निघे. या साऱ्यांनी आपापल्या रीतीने उतराई होण्याचाच प्रयत्न केला. तुमच्या आजोबांना किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध माणसाला विचारा, पूल नव्हता तेव्हा ते नदी कशी पार करत, नाव कोणाची असे आणि तिच्यात कोणाकोणाबरोबर बसत. जे ऐकाल ते आपल्या शब्दांत मराठीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.